मुक्त लघुपटांचा ऑनलाइन महोत्सव भरवताय? या चुका टाळा

तारीख ठरते, पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतं, आणि मग कुणीतरी विचारतं, "अरे, परवान्यांचं काय?" हा क्रम उलटा हवा. मुक्त लघुपट म्हणजे निर्मात्याने इतरांना दाखवायला-वाटायला आधीच परवाना देऊन ठेवलेले लघुपट. त्यांच्या महोत्सवात बाकी सगळं त्या परवान्यावरच ठरतं: प्रायोजक घेता येईल का, मराठी सबटायटल्स जोडता येतील का, नंतर फाइल शाळांना देता येईल का. नाशिक, सिन्नर, दिंडोरीकडच्या कॉलेजांत, वाचनालयांत असा मोफत महोत्सव भरवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

यूट्यूबवर फुकट दिसला म्हणून निवडला

चित्रपट मोफत पाहायला मिळणं वेगळं आणि तो आपण लोकांना दाखवणं वेगळं. दाखवण्याची परवानगी मूळ निर्मात्याने द्यावी लागते, आणि मुक्त चित्रपटांत ती बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यातून, म्हणजे निर्मात्याने आधीच जाहीर केलेल्या वापराच्या ठराविक अटींतून, मिळते. भलत्याच चॅनलने दुसऱ्याचा चित्रपट चढवून त्याखाली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' लिहिलं, तर त्या लिहिण्याला काहीच किंमत नाही. म्हणून फाइल नेहमी निर्मात्याच्या मूळ ठिकाणाहून उतरवा, आणि परवाना लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

पहिल्यांदाच करत असाल तर ब्लेंडर या मोफत अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी काढलेल्या चित्रपटांपासून सुरुवात करा. 'एलिफंट्स ड्रीम' (२००६), 'बिग बक बनी' (२००८), 'सिंटेल' (२०१०), 'टिअर्स ऑफ स्टील' (२०१२), 'स्प्रिंग' (२०१९) हे सगळे सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचा फक्त श्रेय मागणारा) परवान्याखाली आहेत. श्रेय द्या, मग दाखवा, कापा, भाषांतर करा, कुणाची हरकत नाही.

'बाय'च्या पुढे अक्षरं जोडलेली असली की थांबून वाचायचं. 'एनडी' असेल तर चित्रपट जसाच्या तसा दाखवता येतो, पण बदललेली प्रत लोकांपुढे ठेवता येत नाही. आणि भाषांतर हा बदलच धरला जातो. म्हणजे मराठी सबटायटल्स जोडायच्या असतील तर निर्मात्याला ईमेल करून लेखी परवानगी घ्या. 'एसए' असेल तर तुमची बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको. गावातल्या एखाद्या सराफाचं नाव पडद्यावर झळकवायचं ठरलं की इथे प्रश्न उभा राहतो, तेव्हा आधी निर्मात्याला विचारलेलं बरं. शिवाय यूट्यूब तुमच्या चॅनलवर, तुम्ही कमाई सुरू केलेली नसली तरी, स्वतःच्या जाहिराती दाखवू शकतं. त्यामुळे एनसी चित्रपटांसाठी इंटरनेट आर्काइव्ह (मोफत डिजिटल संग्रह) किंवा पीअरट्यूब (मुक्त व्हिडिओ मंच) मला जास्त योग्य वाटतं.

श्रेयाच्या बाबतीत तर फार हेळसांड होते. "साभार: इंटरनेट" हे श्रेय नव्हे. चित्रपटाचं नाव, निर्मात्याचं नाव, मूळ ठिकाणाचा दुवा आणि परवान्याचं नाव आवृत्तीसह, एवढं हवंच. काही बदल केला असेल तर तोही लिहा: "बिग बक बनी, © २००८ ब्लेंडर फाउंडेशन, peach.blender.org, सीसी बाय ३.०, मराठी निवेदन जोडलं आहे." ही ओळ व्हिडिओच्या शेवटी, वर्णनात आणि कार्यक्रमपत्रिकेतही येऊ द्या.

फाळक्यांचा चित्रपट, पण कुणाचं संगीत?

नाशिकचा महोत्सव म्हटल्यावर दादासाहेब फाळके येणारच, आणि यावेतच. ते त्र्यंबकेश्वरी जन्मले, नाशिकला त्यांनी कंपनी चालवली, नाशिकलाच १९४४ साली गेले. भारतात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९१९ चा 'कालिया मर्दन' केव्हाच सर्वांचा झाला आहे. अडचण येते ती नेटवर सापडणाऱ्या प्रतींमुळे. मूकपटाला कुणीतरी अलीकडे संगीत जोडलेलं असतं, आणि त्या संगीताचा हक्क त्या संगीतकाराकडे असतो. अशा प्रतीचा आवाज सरळ बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे गावातल्या एखाद्या संवादिनीवादकाला आणि तबलजीला बोलवा, त्यांना चित्रपट दाखवत वाजवायला सांगा आणि ते ध्वनिमुद्रण त्यांच्या संमतीने सीसी बायखाली खुलं करा. नाशिकने जगाला द्यावी अशी ही गोष्ट होईल.

तारीख म्हणून फाळक्यांचा जन्मदिवस, ३० एप्रिल, सुचतोच. फक्त तेव्हा आयपीएल चालू असते आणि संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो, हे ध्यानात ठेवून वेळ ठरवा.

स्थानिक प्रवेशिका घाईत स्वीकारणं

कॉलेजच्या मुलांकडून लघुपट मागवले की निम्मं काम त्यातल्या गाण्यांवरच अडतं. पार्श्वभूमीला हिंदी चित्रपटातलं गाणं असेल तर तो लघुपट मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकार त्या मुलाला नाहीच. "नो कॉपीराइट म्युझिक" म्हणून उतरवलेल्या तुकड्यांचंही तेच. आपल्या व्हिडिओत वापरायला त्यांची परवानगी असेल, पण पुढे सीसी बायखाली वाटायला असेलच असं नाही. प्रवेश अर्जातच विचारा: प्रत्येक संगीत कुठून घेतलं, त्याच्या अटी काय, कलाकारांची लेखी संमती आहे का, लहान मुलं असतील तर पालकांची आहे का.

आणि एक गोष्ट मुलांना सही करण्याआधी समोर बसवून सांगा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. पाच वर्षांनी कुणी त्या लघुपटातला तुकडा जाहिरातीत वापरला, तर सीसी बायखाली तो वापरू शकतो. हे समजून, विचार करून दिलेला होकारच खरा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडून घाईत टिक करून घेणं मला पटत नाही.

अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, ही समजूत

ब्लेंडरच्याच 'कॉसमॉस लाँड्रोमॅट' मध्ये गोंडस मेंढी दिसते म्हणून तो शाळेच्या सत्रात टाकू नका. त्या मेंढीची गोष्ट आत्महत्येच्या प्रयत्नाने सुरू होते. 'सिंटेल'मध्ये रक्त आहे आणि मोठं दुःख आहे. 'स्प्राइट फ्राइट'ची जातकुळी विनोदी भयपटाची. लहानांसाठी 'बिग बक बनी' आणि 'कॅमिनांडेस' चालतात, संवाद नसल्याने भाषेचीही अडचण नाही. तरी प्रत्येक चित्रपट समितीतल्या दोघांनी शेवटपर्यंत पाहायचा, हा नियमच करा.

प्रक्षेपण ऐनवेळी अडकतं ते यामुळे

मीटिंगच्या अ‍ॅपवर स्क्रीन शेअर करून चित्रपट दाखवू नका. चित्र धक्के खात जातं, आणि संगणकाचा आवाज शेअर करण्याची खूण करायची राहिली तर प्रेक्षकांना मूकपटच दिसतो. सगळा कार्यक्रम आधी जोडून एकच फाइल करा, यूट्यूबवर चढवा आणि प्रीमियर लावा, म्हणजे ठरल्या वेळी ती सगळ्यांना एकदम दिसायला लागेल. मग त्या वेळी तुमच्या घरची वीज गेली तरी चित्रपट चालू राहतो. थेट ठेवायचं ते फक्त दिग्दर्शकांशी बोलणं. त्यासाठी महावितरणचा देखभालीचा मेसेज आदल्या दिवशी पाहा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. इंटरनेटचा डाउनलोड वेग पाहून निर्धास्त होऊ नका, इथे अपलोडचा वेग लागतो. जितक्या बिटरेटने (सेकंदाला जाणाऱ्या डेटाने) पाठवणार त्याच्या दुप्पट तरी हवा. चॅनलवर पहिल्यांदाच लाइव्ह सुरू करत असाल तर मंजुरीला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

फाइल मात्र महिनाभर आधी, खाजगी ठेवून चढवा. कारण मुक्त चित्रपटांवरही हक्काचे चुकीचे दावे लागतात. २०१४ साली 'सिंटेल'च एका मोठ्या चित्रपट कंपनीच्या दाव्यामुळे यूट्यूबवर अडवला गेला होता. नंतर तो परत आला. दावा आला तर परवान्याचा दुवा जोडून हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, हे लक्षात घेऊनच तारखा आखा.

आवाजाची पातळीही सारखी करा. एका लघुपटाची कुजबुज ऐकायला आवाज वाढवलेला असताना पुढच्याचा स्फोट कानात बसतो. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या 'लाउडनॉर्म' फिल्टरने हे होतं.

बरेच प्रेक्षक मोबाइल डेटावर पाहणार. ३ एमबीपीएसने चित्रपट पाहिला तर तासाला सुमारे १.३५ जीबी जातो. म्हणजे दिवसाचा दोन जीबीचा पॅक दीड तासात संपला. सत्रं तासाभराची ठेवा आणि ४८० पी निवडायला निमंत्रणातच सांगा.

सोबत एखाद्या सभागृहात जाहीर खेळ ठेवणार असाल तर नियम बदलतात: १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो.

मराठी सबटायटल्स चौकोन होतात

भाषांतर करणाऱ्याने ते कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलं असेल तर एसआरटी (सबटायटल्सच्या) फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. चित्रावर कायमच्या उमटवणार असाल तर 'क्षितिज', 'प्रार्थना', 'दृष्टी' असे शब्द असलेल्या ओळी आधी पाहा. ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं तिथेच फुटतात. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत. एका वेळी दोनच ओळी, त्याही आखूड.

चित्रपट दाखवला आणि दार बंद केलं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. ब्लेंडरच्या मुक्त चित्रपटांच्या मूळ फाइलीही मिळतात: पात्रं, पोत, प्रकाशयोजना, सगळं. मुलीने 'स्प्रिंग' पाहिला आणि लगेच त्यातलं एखादं दृश्य तिच्याच लॅपटॉपवर उघडून पाहिलं, हे दुसऱ्या कुठल्या महोत्सवात घडेल? प्रत्येक सत्रामागे अर्धा तास यासाठी राखा. फाइली जड असतात, म्हणून आधीच उतरवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेनड्राइव्हवर ठेवा. आणि तुम्ही केलेल्या मराठी एसआरटी फाइली, भाषांतरकाराचं नाव आणि परवाना लिहून, महोत्सवानंतर इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या शाळेला त्या पुन्हा पहिल्यापासून करायला लागू नयेत.