गल्लीपासून बसस्टॉपपर्यंत: आपल्या कॉलनीचा रस्ता आपणच कसा आखायचा

महिन्यातून एकदा तरी कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकतंच, उखडलेले पेव्हर ब्लॉक, तुंबलेलं चेंबर, फुटपाथवर आडवी लावलेली गाडी, आणि खाली पंधरा-वीस जण अंगठे देतात आणि विषय तिथंच संपतो. आम्ही नाशिकच्या इंदिरानगर साइडचे, आम्ही पण दोन वर्षं हेच केलं. तक्रारी टाकल्या, एक खड्डा बुजला, पुढच्या पावसात परत उघडला. मग लक्षात आलं की तक्रार केली की डागडुजी मिळते, रस्ता मिळत नाही. रस्ता पाहिजे असेल तर तो मापं टाकून, कागदावर काढून, अर्ज करून आपणच महापालिकेत न्यावा लागतो. आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर कामं निघालीत, आणि एकदा काँक्रीट पडलं की पुढची कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे जे बोलायचं ते खोदाईच्या आधी.

सगळ्यात आधी, अख्खा प्रभाग अंगावर घेऊ नका. एकच वाट निवडा, ४००-५०० मीटरची, एका टोकाला घरं आणि दुसऱ्या टोकाला सिटीलिंकचा, म्हणजे महापालिकेच्या शहर बसचा स्टॉप, शाळा किंवा भाजीबाजार. स्टॉप असेल तर उत्तमच. सिटीलिंक ८ जुलै २०२१ ला सुरू झाली, पण घरातल्या म्हातारीला स्टॉपपर्यंतच धड चालत जाता येत नसेल तर मुलगा तिला टू-व्हीलरवर सोडतो, मग तोच पुढं कामालाही टू-व्हीलरनंच जातो, आणि मुंबई नाक्याला नाहीतर द्वारका सर्कलला आपण सगळे एकमेकांच्या धुरात उभे असतो. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) २०९२ कोटींची घोषणा झाली होती. मोठ्या योजना यायच्या तेव्हा येतील, पण त्या आल्या तरी स्टेशनपर्यंत माणूस चालतच जाणार ना. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातसुद्धा हेच आहे की गाड्या नाही, माणसं इकडून तिकडं नेणं महत्त्वाचं. अर्जात ही ओळ जरूर टाका.

चालायला कोणाला न्यायचं

वाट निवडली की ती चालून तपासायची. तरण्याताठ्या लोकांनी चालून काही कळत नाही, ते उडी मारून पुढं जातात. एक काठी घेऊन चालणारं माणूस, एक बाळाची गाडी ढकलणारी आई, तिसरी-चौथीतलं एक पोर, व्हीलचेअरवरचं कोणी असेल तर ते, आणि घरकामाला येणाऱ्या मावशी, कारण रोज सगळ्यात जास्त त्याच चालतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडे समोरच्या बंगल्यातल्या आजी आल्या होत्या. एका ठिकाणी फुटपाथवर चढायच्या ऐवजी त्या खाली उतरून गाड्यांमधून चालायला लागल्या. टेप लावला तर कर्ब, म्हणजे फुटपाथची दगडी कड, २७ सेंटिमीटर उंच. आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या गाइडलाइननुसार (आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती) तो १५ च्या वर जायला नको. आजी म्हणाल्या, मला वाटायचं माझेच गुडघे गेलेत. ते वाक्य मी तसंच्या तसं अर्जात लिहिलं होतं.

तीनदा चाला. सकाळी शाळेच्या वेळेला, संध्याकाळी सातनंतर, आणि एकदा भर पावसात. संध्याकाळच्या फेरीत बायकांना पुढं चालू द्या, कुठं पाय आपोआप भरभर पडतात ते त्या बरोबर सांगतात, आणि तिथं वर बघितलं की पथदिवा एकतर बंद असतो नाहीतर झाडाच्या आत गेलेला असतो.

सामान फार नाही. पाच मीटरचा टेप, वही, खडू, फोन. दर वीस पावलांवर थांबून फुटपाथची मोकळी रुंदी मोजा. मोकळी म्हणजे डीपीचा (विजेच्या जोडण्यांचा) बॉक्स, खांब, जाहिरातीचा बोर्ड, कोणाच्या बंगल्याचा बाहेर आलेला रॅम्प हे सगळं सोडून जे उरतं ते. गाइडलाइनमध्ये राहत्या वस्तीत कमीत कमी १.८ मीटर सलग मोकळं पाहिजे, दुकानांच्या रस्त्यावर २.५ मीटर. आमच्याकडे कागदोपत्री दोन मीटरचा फुटपाथ होता आणि डीपीपाशी उरले होते ७० सेंटिमीटर. तिथं डीपीच्या दारावर टेप धरून फोटो काढला, आकडा दिसेल असा. असा एक फोटो दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करतो.

रॅम्पचं माप पण लिहून ठेवा, कारण ते सगळीकडे चुकतं. चढ १ ला १२ पाहिजे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंच कर्बला रॅम्प १८० सेंटिमीटर लांब लागतो. प्रत्यक्षात हातभर सिमेंटचा उतार थापतात, व्हीलचेअर त्याच्यावरून मागं पडते.

पाणी कुठं जातं ते बघितल्याशिवाय काहीही काढू नका

हा भाग लोक गाळतात आणि मग पस्तावतात. नाशिकला पुराचं माप आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, पण ते पाणी रामकुंडावर उगवत नाही, आपल्याच गल्ल्यांतून नाल्यात, नाल्यातून नासर्डी, वालदेवी, वाघाडी या छोट्या नद्यांत आणि तिथून गोदावरीत जातं. ऑगस्ट २०१६ चा पूर आठवत असेल सगळ्यांना. धरणातून सोडलेलं पाणी एक, पण शहरातल्या शहरात पडलेलं पाणी मुरायला जागाच ठेवलेली नाही, हे दुसरं.

साधा हिशोब करा. एक स्क्वेअर मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गल्ली १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, आणि तासाभरात २० मिलिमीटर पडला तर १२,००० लिटर. दहा हजाराचा टँकर भरून वर उरतं. हे फक्त रस्त्याचं, गच्च्यांचं वेगळं. हे पाणी जायला कुठंतरी एक जाळी असते, आणि तिच्यावर गुटख्याच्या पुड्या आणि पाला बसलेला असतो.

पावसाच्या फेरीत पाऊस सुरू झाल्यापासून दहा-दहा मिनिटांनी एकाच जागेवरून व्हिडिओ काढा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, किती वेळानं ओसरतं. दुसऱ्या दिवशी कोरड्या रस्त्यावर चिखलाची कड दिसते, तिच्यावर खडूनं रेघ मारा आणि मोजा. आम्हाला असं कळलं की पाणी साठायचं कारण उतार नव्हताच, मागच्या डांबरीकरणात रस्ता वर आला आणि जाळी खाली राहिली, एवढंच.

मुरवायचं असेल तर आधी मातीची टेस्ट घ्या. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ती फुगून बसते, त्यामुळे दोन फुटांचा शोषखड्डा करून फोटो काढून उपयोग नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. मुरमात फूट बाय फूट बाय फूट खड्डा घ्या, एकदा भरून जिरू द्या, परत भरा आणि मग किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. तासाभरात निम्मं पण जिरलं नाही तर ती जागा सोडा. आणि बिल्डिंगच्या पायाला, कंपाउंडच्या भिंतीला किंवा ड्रेनेजच्या चेंबरला चिकटून शोषखड्डा कधीच नको. ड्रेनेजची लाइन आणि पावसाळी गटार कुठं एकमेकांत सोडलेली आहे का तेही बघा, असली तर ते पहिलं लिहा, कारण ते घाण पाणी सरळ नदीत चाललंय.

झाडांच्या बुंध्याशी काँक्रीट किंवा पेव्हर घट्ट बसवलेले असतील तर प्रत्येक झाडाचा फोटो आणि घेर लिहून घ्या. चारी बाजूंनी मीटरभर तरी माती मोकळी मागायची. २०२५ च्या शेवटी तपोवनातल्या झाडांसाठी लोक उभे राहिले ते सगळ्यांनी बघितलं, पण आपल्याच दारातला कडुनिंब सिमेंटनं गळा आवळून मरतो तेव्हा कोणाला पत्ता नसतो. महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा १९७५ चा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हणून नकाशात प्रत्येक झाडाला नंबर द्या आणि तिथं झाड आधीपासून आहे हे नोंदीत येऊ द्या. नवीन लावायची तर करंज, बहावा, ताम्हण, कांचन. वड-पिंपळ फुटपाथवर नको, त्यांना मोकळी जागा द्या, नाल्याकाठी, मैदानाकडेला.

भाजीवाल्यांना हटवा असं अर्जात लिहू नका. लोक चालत भाजी आणतात म्हणून तर गाडी काढत नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांचे हक्क आहेत, त्यांना बैठकीला बोलवा, हातगाडीचं माप घ्या आणि नकाशात त्यांच्यासाठी जागा काढा. रस्ता कधी रिकामा, कधी भरलेला, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

नकाशा आणि फक्की

नकाशा म्हणजे ऑटोकॅड लागतं असं काही नाही. ड्रॉइंग पेपर घ्या, एक मीटरला एक सेंटिमीटर धरा, पाच-सहा कागद जोडून रस्ता काढा. आहे तो काळ्यानं, पाहिजे तो हिरव्यानं. त्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी किती आहे ते बघून या, नाहीतर नऊ मीटरच्या रस्त्यावर बारा मीटरचं स्वप्न काढून बसाल आणि पहिल्याच मिनिटाला अर्ज बाजूला पडेल. हा नकाशा रविवारी सकाळी मंदिराच्या ओट्यावर पसरून ठेवा, पोरांना पण पेन्सिल द्या. भांडण होणार, पार्किंगवरून तर होणारच. होऊ द्या. ज्यांची गाडी रस्त्यावर लागते त्यांचं म्हणणं आत्ता ऐकलं नाही तर काम सुरू झाल्यावर तेच थांबवतील.

मग फक्की. क्रिकेटच्या ग्राउंडला मारतात तीच पांढरी फक्की. वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक शाखेला आठवडाभर आधी पत्र देऊन, एका रविवारी पाहिजे तो फुटपाथ आणि क्रॉसिंग रस्त्यावरच आखून कडेला कुंड्या ठेवा आणि दिवसभर बघा. स्कूल व्हॅन वळते का, घंटागाडी जाते का, फायर ब्रिगेडची गाडी शिरेल का. आमच्या कोपऱ्यावर वळण अर्धा मीटर जास्त आवळलं होतं, घंटागाडीचं मागचं चाक कुंडीला लागलं, आम्ही तिथंच झाडूनं फक्की पुसली आणि रेघ मागं घेतली. काँक्रीटमध्ये ही चूक झाली असती तर कोण तोडणार होतं. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला होता तो पण असाच, आधी करून बघायचा प्रकार.

ऑफिसात

एकच अर्ज सगळ्यांना देऊ नका. फुटपाथ, कर्ब, रॅम्प बांधकाम विभागाला, दिवे विद्युत विभागाला, झाडं उद्यान विभागाला, आणि डीपी हलवायची तर वीज कंपनीला. सगळ्याची एक प्रत आपल्या विभागीय कार्यालयात, आणि प्रत्येक प्रतीवर आवक-जावकमधून शिक्का मारून पोच घ्या. आमचा पहिला अर्ज पोच न घेतल्यामुळे हरवला आणि सहा महिने वाया गेले, सगळी मापं परत झेरॉक्स करून द्यावी लागली. बहुतेक प्रभागात चार नगरसेवक असतात, चौघांनाही एकाच दिवशी भेटा, एकालाच धरलं की बाकीचे तिघं म्हणतात ते त्यांचं काम.

वेळ महत्त्वाची. महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी चालू असते. म्हणून पावसाची फेरी जुलै-ऑगस्टमध्ये, नकाशा गणपती-नवरात्रात, आणि अर्ज दिवाळीच्या आधी. फेब्रुवारीत गेलात तर पुढच्या वर्षी बघू हेच ऐकायला मिळेल. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं बजेटमध्ये घ्यायची पद्धत आहे, त्याचा दाखला जोडा.

काम मंजूर झालं की माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि दोष दायित्व कालावधी किती, एवढं मागा. हा कालावधी म्हणजे ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची मुदत, ती कॉलनीच्या बोर्डावर तारखेसकट लिहून टाका. आणि काम चालू असताना रोज कोणीतरी टेप घेऊन तिथं पाहिजे, वाद घालायला नाही, मोजायला. कर्बचे दगड बसायच्या आधी उंची बघितली तर मुकादम पाच मिनिटांत खाली घेतो, सिमेंट सुकल्यावर तो पण काही करू शकत नाही. आमचा टेप वाण्याच्या दुकानात काउंटरच्या मागं खिळ्याला टांगलेला असतो, सकाळी ज्याला वेळ असेल तो घेऊन जातो.