‘गॉथिक २’चा आर्कोलोस मॉड : सुरुवात कशी करावी

पिरान्हा बाइट्स या जर्मन स्टुडिओचा ‘गॉथिक २’ हा ॲक्शन रोल-प्लेइंग (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) संगणक-खेळ २००२ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला ‘नाइट ऑफ द रेव्हन’ ही भर मिळाली. पोलंडमध्ये या खेळावर लोकांचे विलक्षण प्रेम आहे. तिथल्याच चाहत्यांच्या एका गटाने अनेक वर्षे खपून ‘द क्रॉनिकल्स ऑफ मिर्ताना : आर्कोलोस’ हा मॉड, म्हणजे मूळ खेळावर चाहत्यांनी केलेली नवी आवृत्ती, तयार केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. याला मॉड म्हणायचे ते केवळ मूळ खेळाचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी प्रणाली, वापरले आहे म्हणून. बेट नवे, कथा नवी, पात्रे नवी आणि संवादही संपूर्णपणे नव्याने ध्वनिमुद्रित केलेले आहेत. कथा पहिल्या ‘गॉथिक’च्या आधीच्या काळात घडते, त्यामुळे आधीचे भाग न खेळलेल्या माणसालाही येथूनच सुरुवात करता येते.

मॉड फुकट असला तरी मूळ खेळ विकत घेतलेला असावा लागतो. स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर ‘गॉथिक २ : गोल्ड एडिशन’ घ्यावी, कारण तिच्यात मूळ खेळ आणि ‘नाइट ऑफ द रेव्हन’ दोन्ही असतात. त्यानंतर आर्कोलोसचे स्वतंत्र पान शोधून तो आपल्या लायब्ररीत जोडावा आणि तिथूनच सुरू करावा. संवाद पोलिश भाषेत आहेत, म्हणून इंग्रजी सबटायटल सुरू आहेत याची खात्री पहिल्याच मिनिटात करून घ्यावी. संवाद वाचायला कंटाळा करू नये. या खेळात वाट, धोका आणि पैसा यांची निम्मी माहिती लोकांच्या बोलण्यातूनच मिळते.

खेळाडू मार्विन नावाच्या तरुणाची भूमिका करतो. तो आपला भाऊ जॉर्न याच्यासोबत बेटावर येतो, जॉर्न बेपत्ता होतो आणि त्याचा शोध हा कथेचा कणा बनतो. मात्र भावाचा शोध निकडीचा वाटला तरी सुरुवातीला मुख्य कथेमागे धावू नये. आजकालच्या बऱ्याच खेळांत शत्रूची ताकद आपल्या पातळीनुसार कमीजास्त होते, तसे येथे मुळीच होत नाही. रस्त्यापासून शंभर पावलांवर असलेल्या जंगलात असा प्राणी असू शकतो की जो एका फटक्यात मार्विनला आडवा करील, आणि खेळ त्याबद्दल कोणतीही सूचना देणार नाही. म्हणून गावाच्या आसपास राहावे, प्रत्येकाशी बोलावे, निरोप पोचवणे, वस्तू शोधून आणणे अशी लहान कामे करावीत. या कामांतून मिळणारा अनुभव सुरुवातीच्या काळात लढाईइतकाच मोलाचा असतो.

आता सर्वात महत्त्वाचा भाग, म्हणजे कौशल्ये शिकण्यासाठी खर्चायचे लर्निंग पॉइंट. अनुभव साचून प्रत्येक पातळी वाढली की दहा पॉइंट मिळतात, पण ते आपोआप खर्च होत नाहीत. कौशल्य शिकवणारा माणूस शोधून त्याच्याकडे जावे लागते आणि काही शिक्षक पैसेही मागतात. ताकदीसारखा एखादा गुण जसजसा वाढतो तसतसा तो आणखी वाढवण्याचा खर्चही चढत जातो. त्यामुळे थोडी ताकद, थोडे नेमबाजीचे कौशल्य, थोडी जादू असे सर्वत्र पॉइंट शिंपडणारा खेळाडू मध्यावर पोचेपर्यंत सगळ्याच बाबतीत दुबळा राहतो. तलवार घ्यायची की धनुष्य हे लवकर ठरवावे आणि ठरवले की त्यालाच धरून राहावे. एक अपवाद मात्र मी आग्रहाने सुचवेन : शिकाऱ्याकडून जनावराचे कातडे, दात किंवा नखे काढण्याची विद्या शक्य तितक्या लवकर शिकावी. ती येत नसेल तर मारलेल्या जनावराकडून फार तर मांस मिळते. मारलेली जनावरे सहसा लगेच परत येत नाहीत, म्हणजे तेव्हा बुडालेले उत्पन्न कायमचे बुडते.

लढाईत कळ भराभर दाबत सुटल्यास वार तुटतात. पहिला वार संपत आला की दुसऱ्याची कळ दाबावी. ही लय हाताला बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की आपल्याहून बलवान माणसालाही हरवता येते. माणसाचा वार तलवारीने अडवता येतो, जनावराची झडप मात्र अडत नाही, तेव्हा मागे उडी मारावी. कळपात कधीही घुसू नये. लांबून बाण मारून एकेकाला बाहेर ओढावे. बहुतेक प्राणी हल्ल्याआधी गुरगुरून इशारा देतात आणि तो ऐकून मागे सरणाऱ्याला बहुधा सोडून देतात. गावात विनाकारण शस्त्र उपसू नये, परक्याच्या घरात शिरू नये. लोक आधी दटावतात आणि न ऐकल्यास हात उचलतात.

कुलूप उघडताना डावी-उजवीकडची कळ ठराविक क्रमाने दाबावी लागते आणि चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात होते. प्रत्येक पेटीचा क्रम ठरलेला असतो, म्हणून तो कागदावर टिपून ठेवला तर अर्धवट सोडलेले कुलूप नंतर कुलूप उघडण्याच्या कमी सळ्या खर्चून उघडते. झोपण्यासाठी पलंग मिळाला तर औषधे वाचवावीत, कारण झोपेने जखमा भरून येतात.

खेळ सेव्ह करताना (आहे त्या स्थितीत जतन करताना) एकाच जागेवर पुन्हा पुन्हा लिहू नये, निरनिराळ्या जागा वापराव्यात. शहरात पोचल्यावर नगररक्षकांच्या दलात जायचे की अराक्सोस या व्यापारी संघात, हा निर्णय समोर येतो आणि तो पुढे बदलता येत नाही. त्याआधी दोन्हीकडच्या लोकांशी सविस्तर बोलावे, एक वेगळा सेव्ह राखून ठेवावा आणि मगच होकार द्यावा. कथा पुढच्या टप्प्यात गेली की काही अर्धवट कामे बंद होतात, त्यामुळे असा मोठा निर्णय घेण्यापूर्वी खेळातली डायरी उघडून उरलेल्या कामांवर एकदा नजर टाकावी.