लोणार नक्की किती खोल? इंग्रजीत माहिती लिहिताना या चुका टाळा

"इंडिया इज अ लँड ऑफ रिच हेरिटेज. सिन्स एन्शन्ट टाइम्स, नेचर हॅज ब्लेस्ड महाराष्ट्र विथ मेनी वंडर्स. वन सच वंडर इज लोणार."

तीन वाक्यं झाली आणि वाचकाच्या हाती काही लागलं नाही. लोणार म्हणजे गाव, डोंगर की देऊळ, हेही अजून त्याला माहीत नाही. मराठी माणसानं इंग्रजीत लिहिलेल्या माहितीपर मजकुराची सुरुवात दहातल्या आठ वेळा अशीच असते. शाळेचा प्रकल्प असो, पर्यटनाचं माहितीपत्रक असो की देवळाबाहेरचा फलक. याचं मूळ निबंधाच्या सवयीत आहे. निबंधाला प्रस्तावना लागते, विषयाकडे वळसा घेत यायचं असतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माहितीपर मजकुराला प्रस्तावना लागत नाही. वाचक उभ्या उभ्या वाचत असतो, आणि त्याला पहिल्याच ओळीत हवं असतं: हे काय आहे, कुठे आहे, केवढं आहे, कसं झालं.

"लोणार लेक इज अ सलाइन, अल्कलाइन लेक इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट, महाराष्ट्र, इंडिया. इट लाइज इन अ क्रेटर अबाउट १.८ किलोमीटर्स अक्रॉस, फॉर्म्ड व्हेन अ मिटिऑराइट स्ट्रक द बसॉल्ट ऑफ द डेक्कन ट्रॅप्स."

इथं दोनच वाक्यं आहेत. (डेक्कन ट्रॅप्स म्हणजे दख्खनच्या पठारावरचे लाव्हाचे थर, आणि बसॉल्ट म्हणजे त्यांचा काळा दगड.) पहिल्या वाक्याचा साचा ठरलेला: नाव, मग 'इज अ', मग जात (म्हणजे तळं, डोंगर की देऊळ ते), मग ठिकाण. हा साचा कंटाळवाणा वाटतो म्हणून नवशिके तो मोडतात आणि तिथंच फसतात. कंटाळवाणा असला तरी चालेल, तोच ठेवा. शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे: वाक्यातलं 'लोणार' काढून 'महाबळेश्वर' घाला. वाक्य तसंच बिनतक्रार चाललं, तर ते लोणारबद्दल नव्हतंच. खोडा.

विशेषणांचंही तेच. 'ब्युटिफुल', 'वर्ल्ड-फेमस', 'मॅग्निफिसंट', 'मस्ट-व्हिजिट' हे शब्द जाहिरातीचे आहेत. त्यांच्या जागी माप, रंग, साल किंवा दगडाचं नाव लिहा. तसं काही सापडत नसेल, तर त्या विशेषणामागे माहितीच नव्हती.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महागात पडणारी चूक: आकडा बरोबर आणि त्याला जोडलेलं नाम चुकीचं. ही चूक दिसायला निरुपद्रवी असते, म्हणून ती वर्षानुवर्षं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जात राहते.

लोणारबद्दल तीन आकडे नेहमी सापडतात. १.८ किलोमीटर, १.२ किलोमीटर आणि १३७ मीटर. पहिला विवराचा व्यास, म्हणजे काठापासून समोरच्या काठापर्यंतचं अंतर. दुसरा आत साठलेल्या पाण्याचा साधारण व्यास. तिसरा आकडा सांगतो की सरोवर विवराच्या काठापेक्षा किती खाली आहे. घाईत लिहिणारा याचं काय करतो? "द लेक इज १.८ किलोमीटर्स वाइड अँड १३७ मीटर्स डीप." व्याकरण निर्दोष. आकडे दोन्ही खरे. आणि वाक्य साफ खोटं. पाण्याची खरी खोली काही मीटरच आहे. हे वाक्य वाचून आलेल्या माणसाला वाटेल की इथं पंचेचाळीस मजली इमारत बुडेल.

हे असं का होतं? कारण मराठीत बोलताना आपण 'लोणार' या एका शब्दात विवर, सरोवर, गाव, सगळं घालतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्या परक्या वाचकाकडे तो संदर्भ नसतो. त्यामुळे लिहायला बसण्याआधी कागदाच्या डाव्या बाजूला नामं लिहायची: क्रेटर, रिम, लेक, टाउन. उजव्या बाजूला प्रत्येकाचे आकडे. मग वाक्यं. "द क्रेटर इज अबाउट १.८ किलोमीटर्स अक्रॉस. द लेक, अबाउट १.२ किलोमीटर्स अक्रॉस, लाइज सम १३७ मीटर्स बिलो द रिम." दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता थेट टाइप करायला बसणाऱ्यांचं मला कधीच कळलेलं नाही.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे समानार्थी शब्दांची हौस. मराठी निबंधात एकच शब्द पुन्हा आला की बाई लाल शाईनं 'पुनरुक्ती' लिहितात, म्हणून आपण सरोवर, तळं, जलाशय असं फिरवत राहतो. ती सवय घेऊन इंग्रजीत गेलात की पहिल्या ओळीत 'लेक', दुसरीत 'पाँड', तिसरीत 'रिझर्व्हॉयर' येतो. वाचक तीन वेगळ्या जागा शोधू लागतो. शिवाय 'रिझर्व्हॉयर' म्हटलं की धरणामागचं, माणसानं साठवलेलं पाणी डोळ्यासमोर येतं. माहितीपर इंग्रजीत एका वस्तूला एकच शब्द, शेवटपर्यंत. 'लेक' बारा वेळा आला तरी कुणी मार्क कापत नाही.

वयाचा घोळ तर याहून मोठा. लोणारचं वय किती, याला एका शब्दात उत्तर नाही. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं (नमुना तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजून) काढलेलं वय सुमारे ५२,००० वर्षं आलं. पुढे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन कालमापनानं (दगडातल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून वय काढण्याच्या पद्धतीनं) सुमारे ५,७०,००० वर्षं दिलं, अधिक-उणे ४७,०००. म्हणजे दहापटीहून जास्त फरक. आता नवशिक्या दोन ठिकाणांहून मजकूर उचलतो. पहिल्या परिच्छेदात "५२,००० इयर्स ओल्ड" आणि चौथ्या परिच्छेदात "५७०,००० इयर्स ओल्ड", दोन्ही ठाम. त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही, वाचकाच्या येतं, आणि त्या क्षणापासून वाचक बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

बरं, दुरुस्ती म्हणून लोक काय करतात? दोन्ही आकडे काढून "थाउजंड्स ऑफ इयर्स ओल्ड" लिहितात. हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त खटकतो. मतभेद लपवला की माहितीही गेली. मतभेद हीच इथली माहिती आहे: "अर्लियर थर्मोल्युमिनेसन्स डेटिंग गेव्ह अॅन एज ऑफ अबाउट ५२,००० इयर्स; आर्गॉन-आर्गॉन डेटिंग पब्लिश्ड इन २०११ गेव्ह अबाउट ५७०,०००." कोणत्या पद्धतीनं, केव्हा, किती. 'गेव्ह', 'सजेस्ट्स', 'इज एस्टिमेटेड अॅट' ही क्रियापदं अशाच जागेसाठी आहेत. पण ती सगळीकडे शिंपडू नका. "इट इज सेड दॅट लोणार इज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट" असं लिहिलेलं पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. जिल्हा म्हटला जात नाही, तो असतो.

आकड्याच्या लिखाणातही एक खड्डा आहे. आपला पाच लाख सत्तर हजार ५,७०,००० असा लिहितात, परदेशी वाचकासाठी ५७०,०००. दशलक्षात लिहायचं तर ०.५७ मिलियन. लाखाचं मिलियन करताना शून्य इकडेतिकडे झालं की वय ५७ हजारांवर येतं, आणि दुर्दैवानं तो आकडा जुन्या ५२ हजारांच्या इतका जवळ आहे की कुणाला संशयही येत नाही. परदेशी वाचकासाठी लिहिताना लाख-कोटी टाळा. भारतातल्या वाचकासाठी लिहीत असाल तर लाख चालतील, पण मग शेवटपर्यंत लाखच.

'ओन्ली' आणि 'लार्जेस्ट' या दोन शब्दांशी जरा जपून. "लोणार इज द ओन्ली मिटिऑराइट क्रेटर इन बसॉल्ट इन द वर्ल्ड" हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की ते खरंच वाटतं. दक्षिण ब्राझीलमध्ये वार्जेआंव आणि विस्ता अलेग्रे ही आघातानं झालेली विवरं बसॉल्टमध्येच आहेत. लोणार त्यामानानं तरुण आहे, चांगलं टिकलेलं आहे, आणि अभ्यासाला मोलाचं आहे. तेवढं लिहिलं तरी पुरे. "वन ऑफ द फ्यू" लिहा. आणि लिहिलंत की पुढचं नाम अनेकवचनी करा: "वन ऑफ द फ्यू क्रेटर्स". "वन ऑफ द बेस्ट प्लेस" ही चूक पदवीधरही करतात, मराठीत 'सर्वोत्तम ठिकाणांपैकी एक' म्हणताना अनेकवचन आपोआप येतं तरीही.

काळ. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पाण्याची पातळी उतरली, क्षारता वाढली, आणि खारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं. त्या महिन्यात अनेकांनी लिहून टाकलं: "द वॉटर ऑफ लोणार इज पिंक." पाऊस आला, पाणी पातळ झालं, रंग गेला. 'इज' मात्र अजून छापील आहे. नियम सोपा ठेवा: कायम असणाऱ्या गोष्टीला साधा वर्तमान, एकदा घडलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ आणि साल. "द लेक इज अल्कलाइन." "इन जून २०२० द वॉटर टर्न्ड पिंक." "इट बिकेम अ रामसार साइट इन २०२०." (रामसार साइट म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा.) आणि हो, हॅलोआर्कियाला 'बॅक्टेरिया' लिहू नका, तो वेगळा गट आहे. नाव माहीत नसेल तर 'मायक्रोब्ज' लिहा, खोटं ठरणार नाही.

चालू वर्तमानकाळाचा सोस वेगळाच. "द लेक इज हॅविंग सॉल्टी वॉटर", "मेनी बर्ड्स आर कमिंग हिअर इन विंटर". मराठीतलं 'येत असतात' जसंच्या तसं उचललं की असं होतं. 'हॅज', 'कम'.

"बिफोर ५०० इयर्स" हे 'पाचशे वर्षांपूर्वी'चं शब्दशः रूप. "५०० इयर्स अगो". त्याहून चांगलं, शतक किंवा साल लिहा, कारण 'अगो' दरवर्षी शिळं होतं.

"सिन्स फाइव्ह इयर्स" नाही, "फॉर फाइव्ह इयर्स".

आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नेऊ नका. "शिवाजी महाराज वेअर क्राउन्ड अॅट रायगड इन १६७४, दे..." असं वाचलं की परका वाचक दोन राजे शोधतो. 'वॉज' आणि 'ही' लिहिल्यानं आदर कमी होत नाही. आदर पूर्ण नावात आणि उपाधीत दाखवा.

आर्टिकलचं दुखणं मराठी माणसाला जन्मभर असतं, कारण आपल्या भाषेत ती चीजच नाही. सगळे नियम पाठ करण्यापेक्षा माहितीपर मजकुरापुरत्या तीन सवयी लावा. एखादी गोष्ट पहिल्यांदा आली की 'अ', पुन्हा तीच आली की 'द'. लोणार लेक, पवना लेक अशा तळ्याच्या नावाआधी काही नाही. नदीच्या नावाआधी मात्र 'द': द गोदावरी. आणि संपूर्ण जातीबद्दल बोलताना 'द'शिवाय अनेकवचन: "फ्लेमिंगोज फीड इन शॅलो वॉटर." एवढ्यात बऱ्याच चुका जातात.

दंतकथा आणि तथ्य एकाच वाक्यात कालवू नका. लवणासुराची आणि विष्णूनं दैत्यसूदन रूपात त्याला मारल्याची कथा लोणारच्या मजकुरात यायलाच हवी, त्या गावातलं दैत्यसूदन मंदिर तिच्याशिवाय समजत नाही. पण ती वेगळ्या परिच्छेदात, "अॅकॉर्डिंग टू लोकल लेजंड" म्हणून. "द क्रेटर वॉज फॉर्म्ड बाय अ मिटिऑराइट अँड लवणासुर लिव्ह्ड इन इट" हे वाक्य भूगर्भशास्त्राचाही अपमान करतं आणि पुराणाचाही.

'कुंड', 'धार', 'हेमाडपंती' असे शब्द तसेच ठेवा, पण पहिल्यांदा येतील तिथं स्वल्पविरामानंतर चार शब्दांत अर्थ द्या. 'कुंड'ला 'स्विमिंग पूल' करणाऱ्यांना माफी नाही.

दहावीच्या पेपरातल्या इन्फर्मेशन ट्रान्सफरच्या प्रश्नात तक्त्यावरून परिच्छेद करायचा असतो. तिथं मुलं प्रत्येक रकान्याचं एकेक वाक्य करतात: "द नेम इज. द लोकेशन इज. द डायमीटर इज." तो परिच्छेद झाला नाही, तक्ताच उभ्याचा आडवा झाला. जवळचे दोन-तीन रकाने एका वाक्यात बांधा: नाव, जात आणि ठिकाण एकत्र, आकार आणि उगम एकत्र, पक्षी, वनस्पती शेवटी. तक्त्यात नसलेली माहिती मनानं घालू नका, आणि असलेली गाळू नका.

आधी मराठीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांसाठी एवढंच: यंत्र तुमची प्रस्तावनाही इमानेइतबारे भाषांतरित करतं. 'विवर'ला एका ओळीत 'क्रेटर' आणि दुसऱ्या ओळीत 'होल' झालंय का, ते तुम्हालाच बघावं लागतं. त्यापेक्षा वरची दोन बाजूंची यादी घेऊन थेट छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. पंधरा-अठरा शब्दांच्या पुढे वाक्य गेलं की तोडा.

शेवटची तपासणी आकड्यांची, आणि ती उलट्या क्रमानं: शेवटच्या परिच्छेदापासून वर येत प्रत्येक आकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कशाचा? सुरुवातीपासून वाचलं तर वाक्याच्या ओघात डोळा पुढे जातो आणि १३७ मीटरचं पाणी तसंच राहून जातं.