धावण्यासाठी घड्याळ कसे निवडावे: यांत्रिक की डिजिटल?

धावायला लागलेल्या माणसाचे बूट घेऊन झाले की पुढचा प्रश्न हमखास घड्याळाचा निघतो. घरात वडिलांचे चावीचे घड्याळ असते किंवा लग्नात मिळालेले ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे, असते. तेच हातात घालून पळावे की सरावासाठी वेगळे डिजिटल घ्यावे, याचा निर्णय बहुतेक जण किंमत आणि दिसणे या दोनच गोष्टींवर करतात. मी बरीच वर्षे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात दोन्ही प्रकारची घड्याळे घालून धावलो आहे. धावताना घड्याळाकडून आपल्याला नेमके काय हवे, हे ठरवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये, असे माझे त्यावरून झालेले मत आहे.

आधी एक घोळ दूर करायला हवा. काट्यांचे प्रत्येक घड्याळ यांत्रिक नसते. सेकंदकाटा दर सेकंदाला एकच ठळक उडी मारत असेल, तर आत बहुधा सेल आणि क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो बारीक टप्प्यांनी, जवळजवळ सरकल्यासारखा फिरत असेल, तर ते घड्याळ बहुधा स्प्रिंगवर चालणारे असते. एचएमटीच्या ‘जनता’सारखी चावीची घड्याळे सेकंदाला पाच ठोके देतात, तर आजची बरीचशी ऑटोमॅटिक घड्याळे सहा किंवा आठ.

पायरी १: धावताना पडणारे प्रश्न लिहून काढावेत

एक आठवडा नेहमीप्रमाणे धावावे आणि घरी परतल्यावर, वाटेत मनगटाकडे का पाहिले, ते वहीत टिपून ठेवावे. ‘निघून किती वेळ झाला?’ आणि ‘सातला घरी पोहोचेन ना?’ एवढेच प्रश्न पडत असतील, तर त्यांची उत्तरे कोणतेही चालू घड्याळ देऊ शकते. ‘हा किलोमीटर किती मिनिटांत झाला?’ हा प्रश्न वारंवार पडत असेल, तर स्टॉपवॉच आणि लॅपची, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या वेळेची, नोंद लागते. ‘आत्ता माझा वेग काय आहे, अंतर किती झाले?’ असे विचारायचे असेल, तर जीपीएस लागते, आणि ते यांत्रिक घड्याळात असूच शकत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या वहीतल्या पानावर अवलंबून आहेत, म्हणून हा आठवडा टाळू नये.

पायरी २: अचूकतेचा हिशेब स्वतः करून पाहावा

यांत्रिक घड्याळ अचूक नसते म्हणून धावायला उपयोगाचे नाही, असे सर्रास सांगितले जाते. हे कारण चुकीचे आहे. स्वित्झर्लंडमधील कोस्क ही तपासणी संस्था ज्या यांत्रिक घड्याळांना क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक घड्याळ, म्हणून प्रमाणपत्र देते, त्यांचा यंत्रभाग दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्याच फरकात चालावा लागतो. साध्या घड्याळात हा फरक दिवसाला २०-३० सेकंदांपर्यंत जाऊ शकतो. उलट डिजिटल घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि साधारण महिन्याला १५ ते ३० सेकंदच चुकतो.

आकडे पाहता डिजिटल कितीतरी सरस ठरते. पण आपण सलग महिनाभर धावत नाही. दिवसाला ३० सेकंद पुढे जाणारे घड्याळ दोन तासांच्या धावेत फक्त अडीच सेकंद चुकते. बटण दाबायला आपल्या बोटाला लागणारा वेळ आणि किलोमीटरची पाटी ओलांडल्याचे लक्षात यायला होणारा उशीर धरला, तर हौशी धावपटूला त्या अडीच सेकंदांनी काही बिघडत नाही. फरक पडतो तो घड्याळ किती पटकन वाचता येते आणि ते किती लक्षात ठेवते, यात.

पायरी ३: पळता पळता वाचून पाहावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही. पहाटे साडेपाचला घराबाहेर पडावे, दहा मिनिटे बऱ्यापैकी वेगाने धावावे आणि मग हात न थांबवता तबकडीवरची वेळ वाचून पाहावी. मिनिटकाटा अठरावर आहे की एकोणिसावर, हे हलत्या हातावर, दिव्यांच्या दोन खांबांमधल्या अंधारात, ठरवता येत नाही. त्यातून वजाबाकी करायची असते. ५ वाजून ४२ मिनिटांनी आणि काही सेकंदांनी निघालो, आता ६ वाजून १९ मिनिटे झाली, म्हणजे किती झाले? दम लागलेला असताना हे साधे गणितही चुकते. शिवाय साध्या यांत्रिक घड्याळात निघताना सेकंदकाटा शून्यावर आणता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांना तबकडीभोवती फिरणारी कडी असते. निघताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणली की किती मिनिटे झाली हे थेट वाचता येते. लांबच्या, संथ धावेला एवढे पुरते. दुसरा उपाय क्रोनोग्राफचा, म्हणजे ज्यात बटण दाबून वेळ मोजणारे वेगळे काटे चालू-बंद करता येतात असे यांत्रिक घड्याळ. पण त्यातल्या मिनिटांच्या छोट्या तबकड्या वाचायला आणखी कठीण असतात. अनेकांची मिनिटे तीसपर्यंतच जातात आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतात. आधीच्या लॅपची आठवणही त्यात राहत नाही.

तरीही यांत्रिक घड्याळाने धावता येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फिनलंडचा पावो नुर्मी सरावात आणि शर्यतीतही हातात स्टॉपवॉच धरून धावत असे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याने शेवटी घड्याळाकडे एक नजर टाकली, ते मैदानातल्या गवतावर फेकले आणि १४ मिनिटे ३१.२ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. पण त्याचे घड्याळ तळहातात होते, त्याला एकच मोठी तबकडी होती आणि ट्रॅकची प्रत्येक फेरी ठरलेल्या अंतराची होती. मनगटावरचे घड्याळ घेऊन रस्त्यावर धावणाऱ्याला या सोयी मिळत नाहीत.

पायरी ४: घाम, हादरे आणि वजन तपासावे

मिनिटाला १७० पावले धरली, तर तासाभरात हात पाच हजारांहून जास्त वेळा मागेपुढे होतो. यांत्रिक घड्याळाचा प्राण असलेले, झोके घेऊन ठोके देणारे तोलचक्र ज्या दांडीवर फिरते, तिची टोके केसाइतकी बारीक असतात. आधुनिक घड्याळात ती स्प्रिंगवर बसवलेल्या खड्यांत टेकलेली असतात, त्यामुळे झटका स्प्रिंग झेलते. ही व्यवस्था असलेले, वेळेवर सर्व्हिसिंग झालेले घड्याळ सपाट रस्त्यावरच्या धावेने सहसा मोडत नाही. घाट उतरताना मात्र हादरे वाढतात आणि ठेच लागून पडलो तर मनगट पहिले आपटते. जुन्या घड्याळात अशी सोय आहे की नाही, हे घड्याळजीकडून पाहून घ्यावे. ऑटोमॅटिक घड्याळाला धावल्याने जास्त चावी बसून स्प्रिंग तुटेल ही भीती मात्र निराधार आहे, कारण पूर्ण भरल्यावर त्याची स्प्रिंग आतल्या आत घसरते.

हादऱ्यांपेक्षा मला घामाची काळजी जास्त वाटते. माझ्याकडचे जुने चावीचे घड्याळ एका जून महिन्यात घाट चढताना काचेच्या आतून धुरकट झाले. मी ते पुसून ठेवले आणि दुपारी धुके गेले म्हणून विसरलो. महिन्याभराने चावी जड फिरू लागली, तेव्हा घड्याळजींनी मागचे झाकण उघडून भिंगाखाली दाखवले: चावीच्या दांडीवर तांबूस गंज चढला होता आणि तिच्याभोवतीचे रबर वाळून कडक झाले होते. काचेआड वाफ दिसली की त्याच दिवशी घड्याळ उघडायला द्यावे, हे मी तेव्हा शिकलो. घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिले असले, तरी ते तेवढ्या खोल पाण्यात चालेल असा त्याचा अर्थ नसतो. शिंतोडे सोसेल एवढाच तो असतो. पावसाळ्यात धावणाऱ्याने ५० मीटर, शक्यतो १०० मीटरची खूण पाहावी. चामडी पट्टा घामाने कुजतो, म्हणून तो नकोच.

वजनाचे सांगायचे तर पोलादी पट्ट्याचे ऑटोमॅटिक सहज सव्वाशे ग्रॅम भरते, तर साधे डिजिटल २०-२५ ग्रॅमचे असते. दहाव्या किलोमीटरनंतर हा फरक मनगटाला कळतो.

पायरी ५: डिजिटल घ्यायचे ठरले, तर नेमके कोणते?

साध्या डिजिटलमध्ये सर्वप्रथम स्टॉपवॉच कुठपर्यंत मोजते ते विचारावे. १९८९ पासून विकले जाणारे कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हलके, स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण त्याचे स्टॉपवॉच ५९ मिनिटे ५९.९९ सेकंदांनंतर पुन्हा शून्यावर येते आणि लॅप साठवत नाही. पाच किंवा दहा किलोमीटरसाठी ते उत्तम आहे. अर्धमॅरेथॉनच्या सरावाला अपुरे आहे. २१.०९७५ किलोमीटरसाठी किमान ३० आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान ५० लॅप साठवणारे घ्यावे. बोट ओले करून दुकानातच बटणे दाबून पाहावीत. लॅपचे बटण मोठे आणि दाबल्याचे बोटाला कळणारे हवे.

जीपीएस असलेले घड्याळ घेणाऱ्याने त्याच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. जागा ठरवायला त्याला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. ते उंच इमारतींवर किंवा कड्यांवर आदळून उशिरा पोहोचले की रेषा रस्ता सोडून भरकटते, आणि पडद्यावरचा क्षणाचा वेग नाचू लागतो. म्हणून वेग पाहायचा तो चालू लॅपचा सरासरी पाहावा. मोजणीचे प्रमाणपत्र असलेला शर्यतीचा मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि तो कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण वळणे बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो, त्यामुळे घड्याळात २१.३ किलोमीटर दिसले तर तो आयोजकांचा दोष नव्हे. अशा दिवशी आपोआप पडणारा लॅप बंद करून प्रत्येक पाटीपाशी हाताने बटण दाबावे. मनगटावर मोजलेले हृदयाचे ठोके पट्टा सैल असला की चुकतात; तो हाडाच्या किंचित वर, घट्ट बांधावा.

पायरी ६: अखेरचा निर्णय

वहीत लॅपचे किंवा वेगाचे प्रश्न असतील, तर डिजिटलच घ्यावे. त्यासाठी महागडे जीपीएस लागतेच असे नाही. ठरावीक रस्त्यावर अंतर माहीत असेल, तर तीसेक लॅपचे साधे घड्याळ वर्षानुवर्षे पुरते. माझा सराव आजही त्यावरच चालतो. ज्यांना वेळेपलीकडे काही नको आणि ज्यांची धाव आकड्यांमुळे कोमेजते, त्यांनी फिरत्या कडीचे, रबरी किंवा नायलॉनच्या पट्ट्याचे, १०० मीटरची खूण असलेले यांत्रिक घड्याळ संथ धावेला खुशाल घालावे. घरी आल्यावर चावी नीट आत दाबलेली आहे हे आधी पाहावे, मग घड्याळ ओल्या फडक्याने पुसून मीठ काढावे आणि कोरडे करून पंख्याखाली ठेवावे. स्पीकर किंवा मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ ठेवू नये, नाहीतर तोलचक्राला जोडलेल्या बारीक केसस्प्रिंगची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते.