बाइक रेसिंगचा लेदर सूट घेताना या चुका टाळा: चामड्याआधी शिवण बघा

सातारा-सांगलीच्या पोरांना रेस ट्रॅक जवळ नाही. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे गाठायचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जायचं, नाहीतर थेट ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. त्यामुळे सूट बहुतेक वेळा फोटो बघून मागवला जातो आणि पहिल्यांदा नीट अंगावर चढतो तो ट्रॅकवर पोचल्यावर. गुडघ्याचं पॅड पोटरीवर आलंय हे तिथं कळून काय उपयोग? (यवतेश्वरच्या घाटात सूट घालून ‘प्रॅक्टिस’ करणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. कासला निघालेली पर्यटकांची गाडी समोर आली की कुठलंच चामडं कामाला येत नाही.)

मऊ म्हणजे भारी, हा समज

दुकानात हात फिरवला, लोण्यासारखं लागलं, घेतलं. धारावीत मिळणारी फॅशन जॅकेटं अशीच मऊ असतात, कारण ती बहुधा मेंढीच्या पातळ चामड्याची असतात. रस्त्यावर घासायला ती बनवलेलीच नाहीत. रेसिंग सूटचं काऊहाइड, म्हणजे गाईचं चामडं, साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाड असतं. कांगारूचं चामडं त्याहून पातळ असूनही चिवट असतं, म्हणून वरच्या किमतीच्या सूटमध्ये ते वापरतात. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत काम करणारा एखादा मित्र असतोच; त्याचा व्हर्निअर घ्या आणि जिथं कापलेली कड उघडी सापडेल तिथं माप घ्या. कड बघताना आणखी एक कळतं. वर प्लास्टिकसारखा चकचकीत थर आणि खाली सगळी लव दिसली, तर ते स्प्लिट लेदरवर (चामड्याच्या खालच्या, कमजोर थरावर) पीयू या प्लास्टिकचं कोटिंग आहे. दुमडल्यावर त्याला बारीक भेगा पडतात. ते सोडा.

शिवण न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घसरताना चामडं झिजून भोक पडायच्या आधी शिवण उसवते. कारण सरळ आहे: वरून दिसणारा दोरा चामड्याच्या पातळीपेक्षा किंचित वर असतो, डांबर आधी त्यालाच खातं. म्हणून चांगल्या सूटमध्ये एक रांग आत लपवलेली असते आणि वरच्या एक-दोन रांगा तिच्या मदतीला असतात. वरची गेली तरी आतली धरून ठेवते. तपासायचं असं: शिवणीच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून विरुद्ध दिशेला ताणा. फट पडून आतला दोरा डोकावला, तर टाका सैल आहे. टाके फार जवळजवळ असणंही वाईट. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं तिथूनच फाटतं.

मग शिवणी कुठं आहेत ते बघा. खांद्याचा वरचा भाग, कोपर, कमरेची बाजू, मांडीचा बाहेरचा भाग, गुडघा या जागा पडताना आधी टेकतात. तिथं एकच मोठा तुकडा हवा, जमल्यास दुहेरी. पाच रंगांच्या पट्ट्या जोडून केलेली नक्षी फोटोत झकास दिसते, पण प्रत्येक जोड म्हणजे फाटायला एक जागा. ताणलं जाणारं कापड मांडीच्या आत, गुडघ्यामागे, हाताच्या आतल्या बाजूला ठीक आहे, तेही अरामिडचं (केव्हलारसारख्या चिवट धाग्याचं). बाहेरच्या बाजूला साधी लायक्रा दिसली, तर सूट परत करा.

आणि नाव-नंबर! तयार सूट भरतकामवाल्याकडे नेऊन पाठीवर गावाचं नाव टाकून घेणारे कमी नाहीत. ती सुई आरपार जाते. नाव हवंच असेल तर सूट शिवतानाच, वेगळ्या तुकड्यावर घालून मागा.

लेबल अर्धवट वाचणं

‘सीई आर्मर’ (युरोपीय मानकानुसार तपासलेली संरक्षक पॅड) असं लिहिलेलं असलं की फक्त आतली पॅड तपासलेली आहेत, सूट नव्हे. सूटसाठी ईएन १७०९२ हे युरोपीय मानक आहे, त्यात ट्रिपल ए ही सर्वांत वरची श्रेणी, मग डबल ए, मग ए. ट्रॅकसाठी ट्रिपल ए बघा. पाठीच्या संरक्षकाचं मानक वेगळं, ईएन १६२१-२. त्यात लेव्हल १ ला संरक्षकातून पलीकडे पोचणाऱ्या धक्क्याची सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालते, लेव्हल २ ला ९ पर्यंतच; म्हणजे लेव्हल २ जास्त चांगली. पुष्कळ सूटमध्ये पाठीला नुसता फोम असतो, संरक्षक वेगळा घ्यावा लागतो.

आरशासमोर उभं राहून माप ठरवणं

रेसिंग सूट बाइकवर वाकण्यासाठी कापलेला असतो. उभं राहिल्यावर तो खांद्याला ओढतो, चालताना माणूस वाकडा दिसतो. ते बरोबरच आहे. बाइक स्टँडवर लावा, पाठीचा संरक्षक आत घाला, हँडल धरून टाकीवर झोपा. मग मित्राला गुडघ्याचं आणि कोपराचं पॅड पकडून पिळायला सांगा. ते हाडावरून सरकलं, तर माप मोठं आहे. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाचा विचार करून ‘जरा ढगळ बरा’ म्हणणारे इथेच फसतात. हवा खेळायला छातीवर आणि मांडीच्या पुढे भोकं पाडलेला सूट घ्या, आत पातळ इनर घाला. चामडं वापरात थोडं सैल होतंच. सूटच्या आत एअरबॅग (पडताना फुगणारी हवेची पिशवी) लावायची असेल तर ती फुगायला जागा लागते, त्यामुळे तिच्यासकट माप घ्या. मोटोजीपी या बाइक रेसिंगच्या जागतिक स्पर्धेत ती २०१८ पासून सक्तीची आहे.

टू-पीस (जॅकेट आणि पँट वेगळी) घेतला तर कमरेला पूर्ण गोल फिरणारी झिप हवी. मागे वीतभर झिप असलेला जोड पडताना वर सरकतो.

पावसाळ्यात कपाटात कोंबणं

साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बंद कपाटातल्या सूटला बुरशी धरते. प्लास्टिकची पिशवी तर काढूनच टाका. रुंद हँगरवर, हवा लागेल असा टांगा. भिजला तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. चामडं कडक होऊन तडकतं. घामाचं मीठ ओल्या फडक्यानं पुसा आणि मगच लेदर कंडिशनर अगदी पातळ लावा. घरी दिसेल ते खोबरेल चोपडू नका. चामडं तेल पितं, सैल पडतं.

उसवल्यावर कुणाकडेही देणं

साध्या सुती दोऱ्यानं शिवलेली दुरुस्ती घामानं कुजते. गाडीचे सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे जाड चामड्याची मशीन बहुधा असते. त्यांना बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा वापरायला आणि जुन्याच भोकांतून शिवायला सांगा. खिसा, मनगट, झिपची कड एवढंच त्यांच्याकडे द्या. खांदा, कोपर, कंबर इथली शिवण पडल्यावर उसवली असेल, तर सूट बनवणाऱ्याकडेच पाठवा.

पुण्याहून-बंगळुरूहून सेकंडहँड घेताना अस्तर उलटं करून याच तीन जागा आतून बघा. नवा दोरा दिसला तर सूट कधी आणि कसा पडला ते विचारा. विकणारा अस्तर उलटू देत नसेल, तर दुसरा सूट शोधा.