बंद यंत्रात हात घालताना या चुका टाळा

2018च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि डिचोली, सत्तरी, सांग्याकडचे कितीतरी टिपर जागच्या जागी उभे राहिले. अनेकांनी पावसाळ्यामागून पावसाळे उघड्यावर काढले. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्यात आणि ही यंत्रं दुरुस्तीला येताहेत. मी गॅरेजात काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो: चालत्या पोकलेनपासून माणूस आपणहून लांब राहतो. बंद यंत्राखाली मात्र तो बिनधास्त शिरतो.

टिपरचा हौदा वर करून नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. इंजिन बंद असलं तरी हौदा तेलाच्या दाबावर तोललेला असतो. गंजलेलं जोड निखळलं की तो खाली येणारच. लाकडाचा ओंडकाही नको, तो निसटतो. लोखंडी टेकू लावा. चावी ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात.

सगळ्यात जास्त भीती मला चाकाची वाटते. लॉक रिंगवाल्या, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी असलेल्या चाकाची हवा पूर्ण काढल्याशिवाय रिंगला टॉमी (छोटी पहार) लावायची नाही. आमच्याकडे एका पोराने घाईत लावली. रिंग उडाली आणि वरच्या पत्र्याला भोक पाडून गेली. तो पान्हा उचलायला बाजूला वाकला होता, म्हणून वाचला. व्हॉल्व्हची पिन काढा, आत तार घालून भोक तुंबलेलं नाही ना ते बघा. जोडचाक असेल तर नट सैल करण्याआधी दोन्ही टायरांची हवा सोडा. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा, लांब पाइप वापरा आणि समोर उभे राहू नका. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग तर कधीच नाही. आतलं रबर तापून वायू होतो आणि हवा काढलेला टायरही फुटतो.

होजची, म्हणजे दाबाच्या तेलाच्या नळीची गळती बोटाने चाचपायची सवय मोडा. सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा, तेलाचा डाग पडेल तिथे गळती.

ग्राइंडरचं गार्ड काढून मोठी डिस्क बसवू नका. पावसात भिजलेली डिस्क फेकून द्या.

आणि तेल हातात घुसलंच, तर जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. हळद लावून घरी जाऊ नका. काही तासांत बोट काळं पडू शकतं. लगेच 108ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, दाबाचं तेल आत गेलंय. नुसतं टोचलंय म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन परत पाठवतील.