ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा: जुन्या गेमिंग पीसीवर मोजका खर्च कसा करावा

मागच्या मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गेम लई अडकायलाय, कार्ड घेऊन द्या की." त्याचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. जाऊन कॅबिनेटचं झाकण काढलं, तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत, म्हणजे हीटसिंकमध्ये, सुताची बारीक लव दाबून बसलेली. चिमटीत धरून ओढली तर चादरीचा तुकडा निघावा तशी अख्खी निघाली. ती काढली, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, तेव्हा ९६ अंशांवर जाणारा प्रोसेसर सत्तरीत आला आणि निम्मं अडकणं तिथंच थांबलं. खर्च झाला तो पेस्टच्या एका ट्यूबचा.

म्हणून पहिली पायरी साफसफाईची. विजेची वायर काढा, रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर घ्या. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो. खोलीच तापलेली असेल तर आत कितीही भारी पार्ट घाला, तो गरम होऊन स्वतःचा वेग उतरवणारच. कॅबिनेट भिंतीला किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात चिकटवून ठेवू नका.

दुसरी पायरी, नेमकं काय कमी पडतंय ते बघणं. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते लावून नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. ग्राफिक्स कार्डचा वापर सतत ९७-९९ टक्के दिसला, तर कार्ड दमलंय. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला येणारी चित्रं) पडतायत, तर संशय प्रोसेसरवर. फ्रेमवर मर्यादा किंवा व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) लावलेलं असेल तर मात्र आधी बंद करा. खात्री करायला रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. फ्रेम जराही वाढल्या नाहीत तर दोष कार्डाचा नाही, आणि नव्या कार्डाचे पैसे वाया जाणार.

भाच्याच्या पीसीत काय होतं ते सांगतो, कारण असे सेट अजून घरोघरी आहेत: आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड (ज्यावर सगळे पार्ट बसतात तो बोर्ड), डीडीआर३ या जुन्या जातीच्या रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय. तुमचे पार्ट सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये दिसतील. ते कागदावर लिहून घ्या आणि मगच सोलापूरच्या नवी पेठेत किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत पाय ठेवा.

रॅम आणि डिस्कवर फार डोकं चालवायची गरज नाही. एका पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनेल चालू होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. १६ जीबी पुरे. एच८१ त्याहून जास्त घेतही नाही. डीडीआर३ बहुधा जुन्या बाजारातच घ्यावी लागते. फारच स्वस्त पट्टी दिसली तर 'फक्त एएमडीवर (इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या प्रोसेसरवर) चालते' असली किंवा सर्व्हरची नाही ना, हे विचारा. डिस्कच्या जागी साधा साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, साटा वायरीने जोडायची डिस्क) टाका. वेग सेकंदाला दीडशे एमबीवरून पाचशेच्या घरात जातो. फ्रेम त्याने वाढत नाहीत, पण नवा नकाशा लोड होताना चहा करून यावा लागत नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. लोक सगळ्यात कमी पैसे इथं घालतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. माझंच सांगतो. कॅबिनेटसोबत आलेल्या '४५० वॅट' लिहिलेल्या डब्यावर मी मोठं कार्ड चढवलं. चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी वळवाचा पाऊस, लाइट गेली-आली, आणि एसएमपीएससोबत बोर्डही गेला. डब्यावरचा मोठा आकडा बघू नका, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ बघा. तिथले अँपिअर गुणिले १२ केले की खरी ताकद कळते. नामांकित कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा ४५०-५५० वॅटचा एसएमपीएस अशा सेटला भरपूर होतो, आणि पुढच्या पीसीतही वापरता येतो. तो नवाच घ्या, जुना नको. घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे.

मग कार्ड. बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. जीटीएक्स १६५० ची बरीचशी मॉडेल जादा वायरीशिवाय चालतात, म्हणून दुबळ्या एसएमपीएसवाल्यांना ते सोयीचं. १६६० सुपरला साधारण १२५ वॅट लागतात, एएमडीच्या आरएक्स ५८० ला १८५. साटाच्या वायरीला जोड लावून कार्डाला वीज देण्याचा जुगाड करू नका, ती वायर वितळते.

दुकानदार सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. एच८१ बोर्डाचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं दिसायला नवी, पण बोर्डाशी फक्त चार लेनवर (माहिती ये-जा करायच्या वाटांवर) बोलतात. नव्या बोर्डावर ते खपतं. जुन्यावर रस्ताच अरुंद होतो, ४ जीबी मेमरी भरली की गेम गचके खातो. जुन्या बोर्डाला सोळा लेनचं कार्ड बरं. आणि एनव्हिडियाने ९०० आणि १००० मालिकेसाठी नवे गेम ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले आहेत, म्हणून जीटीएक्स १०६० स्वस्त मिळालं तरी मी १६ मालिकेकडेच (१६५०, १६६०) जाईन.

जुनं कार्ड घेताना ते चालू पीसीत लावून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड उघडा, जुन्या चिपवर १०५० टीआयचं नाव चढवून विकलेली कार्डं तिथं उघडी पडतात. आरएक्स ५८० असेल तर शेडरची (चित्र रंगवणाऱ्या छोट्या गणकांची) संख्या २३०४ हवी. २०४८ दिसली तर ते कमी ताकदीचं रूप आहे, भाव पाडून मागा. पंधरा मिनिटं गेम चालवून पडद्यावर ठिपके-पट्टे येतात का बघा. घरून निघतानाच कॅबिनेटच्या आतली लांबी टेपने मोजून ठेवा.

प्रोसेसर शेवटी. त्याच बोर्डावर जुना आय७-४७७० बसतो. चार कोअर तेच, पण थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आठ, त्यामुळे नव्या गेममधले गचके कमी होतात. कमी भावात मिळाला तरच घ्या. ज्यांच्याकडे एएमडी रायझनचा एएम४ बोर्ड आहे त्यांचं नशीब चांगलं: बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बहुतेक बोर्डांवर रायझन ५ ५६०० चालतो आणि पीसी अजून काही वर्षं ओढतो. बायोस अपडेट चालू असताना यूपीएस लावलेला असू द्या.

मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आय५-४४६० सारखा चौथ्या पिढीचा सेट त्यात बसत नाही. काही ऑनलाइन गेम विंडोज ११ वर टीपीएम नसेल तर सुरूच होत नाहीत. तुमचा आवडता गेम त्यातला असेल तर डीडीआर३ आणि जुन्या आय७ वर रुपया घालू नका. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड हे तीनच पार्ट घ्या, कारण उद्या बोर्ड बदलला तरी ते सोबत येतात. भाच्याला तेच सांगितलं. एसएसडी आणि एसएमपीएस बसलाय, कार्डासाठी तो दिवाळीपर्यंत पैसे साठवतोय, आणि दर महिन्याला ब्रश मारायचं कबूल केलंय.